गळाची घंटी

गुरुवारी दुपारी आम्ही तळ्यावर पोचलो तेव्हा मला फक्त झोप हवी होती. मासे नकोत, मांडव नको, ईस्टर नको. पण तंबू उभारायचा होता, बर्फाचे डबे सावलीत सरकवायचे होते, आणि पुढचे तीन दिवस मला माझ्या सासूवर नजर ठेवायची होती.

असं लिहिलं की वाईट दिसतं, पण खरं तेच होतं. सोमवारपासून मला दवाखान्याच्या रक्ततपासणी विभागात कामावर रुजू व्हायचं होतं, सकाळी सहा ते दुपारी अडीच. दोन वर्षं कॉलेज करून मिळवलेला कागद तीन वर्षं कपाटात पडून होता, आणि ही जागा हातची गेली तर पुढची कधी निघेल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. अनाई साडेतीन वर्षांची. पाळणाघराची यादी सप्टेंबरपर्यंत भरलेली. माझा नवरा रोहेलिओ रात्री लसूणघासाच्या गठड्या बांधतो. ते काम दंव पडल्यावरच करायचं असतं, दिवसा पाला झडून जातो. सकाळी तो घरी येतो आणि मेल्यासारखा झोपतो. उरल्या त्याच्या आई, दोन्या ओफेलिया. मोठ्या बाईला आम्ही मानानं दोन्या म्हणतो. त्या तर कधीपासून हात पसरून बसल्या होत्या.

"माझ्याकडे सोड," त्या म्हणायच्या. "मला तरी दुसरं काय काम आहे? भिंतींशी बोलते मी."

सासरे गेल्याला वर्ष झालं होतं. नणंद एल्विरा दूर फ्रेझ्नो शहरात असते. ती दर रविवारी फोन करून आईला म्हणायची, घर भाड्यानं दे आणि माझ्याकडे ये. फोन ठेवला की दोन्या ओफेलिया म्हणायच्या, "फ्रेझ्नोत धुकं आहे आणि एल्विरा आहे. मला दोन्ही मानवत नाहीत." नात सांभाळायला मिळाली असती तर त्यांना न जाण्याचं कारण मिळालं असतं. हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

पण मला काहीतरी खुपत होतं. काय ते सांगता येत नव्हतं.

"तीन दिवस आहेत," रोहेलिओ म्हणाला होता. "डोळ्यांनी बघ आणि ठरव. पण ठरव, ग्रासिएला. सोमवारी पहाटे पाचला मला उठवून विचारू नकोस."

त्या स्वतःची जुनी गाडी घेऊन आमच्या मागून आल्या. चाळीस मैल त्यांनी आमच्या पिकअपची शेपूट सोडली नाही. रोहेलिओ आरशात बघून हसत होता, "अमा आज आपल्या हौद्यातच चढणार वाटतं." मीही हसले. मंगळवारपासून मी पाच तासही झोपले नव्हते. अनाईला खोकला होता आणि तिच्या प्रत्येक खोकल्याला मी उठून बसत होते.

ईस्टरच्या आठवड्यात या तळ्यावर पाय ठेवायला जागा नसते. एरवी इथे दोन म्हातारे आणि वारा एवढंच असतं. आम्हाला दरवर्षीचीच जागा मिळाली, झाऊच्या झाडांखालची, पाण्यापासून तीस पावलांवर. मी ती पावलं मोजली. मग पुन्हा मोजली, अनाईच्या पावलांनी.

"वहिनी, जमीन विकत घेतेस का?" दीर तोन्यो खुर्च्या उतरवताना ओरडला. तोन्यो बत्तीस वर्षांचा आहे, बिनलग्नाचा, आणि त्याला सगळ्या गोष्टी विनोदी वाटतात.

संध्याकाळी दोन्या ओफेलियांनी कॉफी ओतली. कपाच्या कडेवर आतून बोट ठेवून त्या ओततात, कॉफी बोटाला लागली की थांबतात. मी ते आधीही पाहिलं होतं आणि जुन्या बायकांची सवय म्हणून सोडून दिलं होतं. अनाईला त्यांनी मांडीवर घेतलं, तिच्या केसांतून हात फिरवत वेणी घातली, आणि वेणी इतकी सरळ आली की मला माझीच लाज वाटली. मग त्यांनी पर्समधून बोटाएवढी पितळी घंटी काढली. गळाच्या काठीच्या टोकाला चिमट्यानं लावतात तसली; मासा ओढायला लागला की ती वाजते. तोन्योच्या पेटीत तशा पाच-सहा असतात. ती त्यांनी अनाईच्या फ्रॉकला मागून, मानेखाली अडकवली.

"दोन्या ओफेलिया, ती काय बकरी आहे?"

"बकरी बरी. बकरी तळ्यात उतरत नाही." त्यांनी घंटी बोटानं टिचकावून पाहिली. "कालव्याच्या काठाला घर होतं आमचं. चार वाढवली मी अशी. एकही बुडलं नाही."

"तोन्यो बुडाला असता तर चाललं असतं," रोहेलिओ म्हणाला.

"मला घंटी नव्हती," तोन्यो म्हणाला. "मला चौथा म्हणून नुसता पत्र्याचा डबा बांधला होता. विचार अमाला."

"तू तसाही वाजायचास," दोन्या ओफेलिया म्हणाल्या.

सगळे हसले. अनाई गोल गोल पळून स्वतःच्याच पाठीवरची घंटी पकडायला बघत होती. मला मात्र ते आवडलं नाही. कॉलेजात शिकलेल्या बाईच्या मुलीच्या गळ्यात घंटी, असं काहीतरी माझ्या मनात आलं. पण मी थकले होते. थकलेल्या माणसाला वाद घालायचा म्हणजे अजून एक ओझं उचलायचं असतं.

शुक्रवारी सकाळी गळ टाकले. गुड फ्रायडेला आमच्याकडे मांस खात नाहीत, मासा चालतो. आणि तळ्यातला कॅटफिश लागतो तो कोंबडीच्या काळजाला. तोन्यो दरवर्षी हाच मुद्दा काढतो.

"म्हणजे आज मासा कोंबडी खाणार आणि आपण तो मासा खाणार. पाप कुणाच्या खात्यात?"

"तुझ्या," त्याची आई म्हणाली. "काळीज तू लावलंस."

अनाईनं चप्पल काढली होती आणि ती पाण्याकडे निघाली होती. मी उठले, पण माझ्याआधी दोन्या ओफेलियांचा आवाज गेला, "ए! आज पाण्यात जायचं नाही. आज जो पाण्यात उतरतो त्याचा मासा होतो." आमच्याकडे सगळ्याच आज्या हे सांगतात. मलाही सांगितलेलं आहे. गुड फ्रायडेला आंघोळ नाही, पोहणं नाही, नाहीतर खवले फुटतात.

अनाई थबकली. "मग तळ्यातले मासे कोण होते?"

"तो मोठा मिशीवाला आहे ना, तो बेतो काका," तोन्यो म्हणाला. "त्यानं माझे पैसे घेऊन पाण्यात उडी मारली."

त्या हाकेनं माझ्या छातीवरचा एक दगड उतरला. म्हणजे लक्ष आहे यांचं, मी स्वतःशी म्हटलं. मी उठायच्या आत यांना कळलं. तेव्हा मला हे सुचलं नाही की अनाई पाण्याकडे वळली तशी घंटीही वाजत गेली होती.

दुपारचे दोन वाजले असतील. तोन्यो बर्फ आणायला गावात गेला. रोहेलिओ दिवसा झोपणारा माणूस, सुट्टीतही त्याचं शरीर ऐकत नाही. तो तंबूत पाय बाहेर टाकून घोरत होता. मांडवाखाली आम्ही तिघी उरलो. दोन्या ओफेलिया निवडुंगाची पानं मांडीवर घेऊन काटे काढत होत्या, सुरी अशी हलकी चालवत की पानाला माहीतही नसावं. अनाई त्यांच्या पायाशी मातीत चमच्यानं खड्डे करत होती. ती हलली की घंटी वाजायची. किण, किण. थांबायची. किण. माझ्या डाव्या डोळ्यामागे एक खिळा होता आणि प्रत्येक किण त्यावर बसत होती.

"जा, पड जरा," त्या म्हणाल्या. "तुझा आवाज बघ कसा झालाय. मी आहे ना."

मी आहे ना. सोमवारपासून हेच तर व्हायचं होतं. त्या असणार आणि मी नसणार. मी विचार केला, आत्ताच पाहू. तंबूत जाऊ नये, पिकअपच्या सावलीत सतरंजी टाकावी, तिथून दोघी दिसतात.

उठताना मी अनाईच्या जवळून गेले, वाकले, आणि चिमटा दाबून तिच्या पाठीवरची घंटी काढली. मुद्दाम हळूच काढली, वाद नको म्हणून. काढल्यावर ती कुठे ठेवायची ते कळेना. मांडवाच्या खांबाला तोन्योची एक काठी टेकवून ठेवलेली होती, तिची दोरी तळ्यात गेलेली, टोकाला घंटी नव्हती. घंटीची जागा तीच, असं म्हणून मी ती काठीच्या टोकाला लावली. एवढं शहाणपणाचं काम आठवड्याभरात केलं नव्हतं, असं मला त्या क्षणी वाटलं. मग मी सतरंजीवर आडवी झाले आणि डोळे उघडे ठेवायचे असं ठरवलं.

वाऱ्यानं जाग आली. धूळ तोंडावर येत होती, कुणाची तरी कागदी ताटं जमिनीवरून पळत होती. किती वेळ गेला होता देव जाणे. मांडवाखाली दोन्या ओफेलिया तशाच बसल्या होत्या, पानं तशीच मांडीवर, सुरी चालू. त्या गोष्ट सांगत होत्या. कोल्ह्यानं चंद्राला पनीर समजून तळ्यात उडी मारली ती गोष्ट.

"...आणि कोल्हा म्हणाला, ससेभाऊ, हे पनीर ओलं कसं? ऐकतेस ना?"

काठीवरची घंटी वाजली. किण, किण, किण.

"हं," त्या समाधानानं म्हणाल्या. "तर ससा म्हणाला..."

त्यांच्या पायाशी मातीत चार खड्डे होते आणि एक चमचा होता.

"अनाई कुठे आहे?"

"ही काय, इथेच. खेळतेय." त्यांनी हनुवटीनं खांबाकडे खूण केली.

मला पुढचं सगळं नीट आठवत नाही. मी ओरडले असणार, कारण रोहेलिओ तंबूची दोरी पायात अडकवून बाहेर पडला आणि तसाच संडासांच्या बाजूला पळाला, तिथे रस्ता आहे आणि रस्त्यावर गाड्या. तळ्याची देखरेख करणारा म्हातारा ड्वाइट त्याच्या छोट्या गाडीतून आला. त्यानं एकच विचारलं, "कपडे कुठल्या रंगाचे?" मी म्हटलं, "लाल." तो तंबूतंबूतून लाल, लाल ओरडत गेला. मी काठावर धावले. पाणी तपकिरी होतं, वाऱ्यानं त्यावर सुरकुत्या उठल्या होत्या, आणि पाणकणसात काहीही असू शकत होतं. मी डाव्या बाजूनं पूर्ण कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. मी रडत नव्हते. मी आकडे म्हणत होते. तीस पावलं, आणि माझ्या मुलीची सत्तर.

मग शेजारच्या तंबूंतली एक बाई समोरून आली, तिच्या कडेवर अनाई. अनाईच्या केसांत रंगीत कागदाचे तुकडे, गालावर निळा रंग.

"तुमची का? आमच्यात येऊन बसली होती हो. ईस्टरसाठी अंड्यांच्या टरफलांत कागद भरतोय आम्ही, ही एकेक फोडत होती. आम्हाला वाटलं आमच्याच कुणाची तरी असेल. आमच्यात एकोणीस पोरं आहेत."

मी तिला घेतलं. ती जड होती, कोरडी होती. बाईनं काहीतरी आणखी सांगितलं, मला ऐकू आलं नाही. अनाईला छातीशी धरून मी आमच्या जागेकडे वळले आणि दोन्या ओफेलिया दिसल्या.

त्या पाण्यात होत्या. चपलांसकट, काळ्या झग्यासकट, छातीपर्यंत. साठ-बासष्ट वर्षांत या बाईनं गुड फ्रायडेला चेहरासुद्धा धुतला नसेल. दोन्ही हात पाण्याखाली घालून त्या पाणकणसाच्या मुळांतून चाचपडत होत्या, एकेक बुंधा धरून, सोडून, पुढचा धरून. ओठ हलत होते.

मी काठावर येऊन उभी राहिले. त्यांच्यापासून दहा पावलांवर, बरोबर समोर. लाल फ्रॉकातली पोर माझ्या कडेवर. त्यांनी तोंड वर केलं, आमच्याकडे, थेट आमच्याकडे पाहिलं. आणि पुन्हा खाली वाकून चाचपडायला लागल्या.

मी हाक मारली नाही. किती क्षण गेले माहीत नाही, थोडेच, पण मी हाक मारली नाही. माझ्या डोक्यात एकामागून एक गोष्टी जागेवर बसत होत्या. कॉफीतलं बोट. केसांतून फिरणारा हात. चाळीस मैल आमच्या शेपटीला चिकटलेली गाडी. आणि घंटी. मी त्यांचे डोळे काढून खांबाला लावले होते.

"नाना," अनाई आजीला म्हणाली, "तुझा मासा होणार आता."

त्या थांबल्या. आवाजाच्या दिशेनं वळल्या. आणि तिथेच पाण्यात, गाळात उभ्या राहून अशा रडल्या की ड्वाइट गाडी सोडून धावत आला, त्याला वाटलं काहीतरी सापडलं.

रोहेलिओ आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा होता. त्यानं आधी मुलीला हात लावून पाहिला, मग तो आईकडे वळला. आईवर आवाज चढवताना मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"अमा, काय करत होतीस तू? तुझ्या पायाशी होती ती!"

टॉवेलात गुंडाळलेल्या दोन्या ओफेलिया खुर्चीवर बसल्या होत्या. झग्यातून पाणी मातीत गळत होतं.

"डोळा लागला माझा," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा डोळा लागला नव्हता. लागला होता तो माझा.

"झालं मग," रोहेलिओ म्हणाला. "सोमवारचं विसरा. मी एल्विराला फोन करतो, तिनं येऊन तुला घेऊन जावं. तू एकटी राहायलाच नको."

त्या काही बोलल्या नाहीत. मान खाली घालून त्यांनी टॉवेलाचं टोक पिळलं. आणि मीही काही बोलले नाही. दुपारभर बोलले नाही. अनाईला मांडीवर घेऊन तिच्या केसांतले कागद एकेक करून वेचत बसले. आम्हा दोघींनाही ते खोटं सोयीचं होतं. डुलकी लागणारी म्हातारी ही आंधळ्या म्हातारीपेक्षा बरी. तिच्या गाडीच्या किल्ल्या निदान तिच्याच हातात राहतात. आणि मी? मी तर झोपलेली बिचारी आई होते, जिनं विश्वासानं मूल सोपवलं होतं. सगळे माझ्याच पाठीवरून हात फिरवत होते. ड्वाइटनं मला थंड लिंबूपाणी आणून दिलं. मी ते प्यायलेही.

तोन्यो बर्फ घेऊन परतला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्याला कुणी धड सांगेना. त्यानं खांबाजवळची काठी पाहिली, टोक वाकलेलं, घंटी एकसारखी वाजतेय. "अरे, इथे कुणाला ऐकू येत नाही का?" म्हणत त्यानं ओढायला घेतलं. पाच-सहा किलोचा कॅटफिश निघाला. दुपारभर तोच वाजवत होता ती घंटी. वाऱ्यानं नव्हे, माशानं वाजत होती.

ऊन कलल्यावर जेवायला बसलो. माशाचं कालवण, निवडुंगाची भाजी, घरून आणलेला गोड पावाचा कापिरोतादा. कुणाला भूक नव्हती, पण मासा मेला होता आणि खायलाच हवा होता. तोन्योला तोवर कळलं होतं, आणि त्याला एकच औषध माहीत आहे.

"अमा, तू पण ना. चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेच्या वेळी पण अशीच घोरायचीस. पाद्री थांबायचे बिचारे."

"म्हातारं शरीर," त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसल्या हे मला सहन झालं नाही.

"रविवारी तुझी गाडी घेऊन तू पुढे निघ," रोहेलिओ त्यांना म्हणाला. "आम्हाला तंबू आवरायला वेळ लागेल. एल्विरा संध्याकाळपर्यंत येईल."

पुढे निघ. म्हणजे समोर आमची शेपूट नाही. मी चमचा खाली ठेवला.

"त्या झोपल्या नव्हत्या," मी म्हटलं.

"ग्रासिएला," दोन्या ओफेलिया म्हणाल्या. हळू, पण धार होती. "जेव."

"त्या जाग्या होत्या. अनाईला गोष्ट सांगत होत्या. मी घंटी काढली होती. अनाईच्या पाठीवरची. मला तो आवाज सहन होत नव्हता. ती मी काठीला लावली आणि झोपले. मासा वाजवत होता आणि त्यांना वाटत होतं अनाई आहे."

 तोन्योच्या हातातला पोळीचा तुकडा तसाच हवेत राहिला.

"पण..." रोहेलिओ माझ्याकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे बघत म्हणाला. "झोपली नव्हतीस तर दिसलं कसं नाही? दोन हातांवर होती ती."

 माझ्या वाट्याचं माझं सांगून झालं होतं. बाकीचं माझं नव्हतं. दोन्या ओफेलियांनी ताटातला मासा बोटांनी उलगडला, काटा चाचपून बाजूला काढला, तुकडा अनाईच्या ओठांशी नेला. तो बरोबर पोचला.

"कारण मला दिसत नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "म्हणून नाही दिसलं. आता जेव, गार होतंय."

"काहीच नाही?"

"कडेकडेनं दिसतं. मधोमध धूर आहे. तुझा कान दिसतोय, तोंड नाही." मग म्हणाल्या, "तुझ्या बापाला माहीत होतं. आम्ही दोघांत निभावत होतो."

"आणि गाडी?" तोन्योनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आवाजात विनोद नव्हता.

"पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसतात."

रोहेलिओनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं तो ओरडेल. तो उठला आणि पाण्याकडे तोंड करून उभा राहिला, अंधार पडेपर्यंत. त्या रात्री दोन्या ओफेलिया माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. अनाईला जवळ घेतलं नाही. स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन झोपल्या, दार आतून लावून. मी तंबूत पडले आणि मला झोप लागली. याची मला अजून लाज वाटते, दगडासारखी लागली.

शनिवारी सकाळी मी कॉफी करत होते. त्या गाडीतून उतरल्या, केस नीट बांधलेले, झगा वाळून कडक झालेला. बाकावर माझ्यासमोर बसल्या. मी कप त्यांच्या हातात दिला, कान धरून, त्यांची बोटं त्यावर बसेपर्यंत सोडला नाही.

"कालच्या दुपारी लगेच का नाही बोललीस?" त्यांनी विचारलं.

"भ्यायले."

"कुणाला?"

"माझ्यावर येईल म्हणून."

"हं." त्यांनी कॉफी प्यायली. "मीही."

पलीकडच्या तंबूंमध्ये कुणीतरी पोरांना रागावत होतं. ड्वाइट कचऱ्याच्या पिशव्या गोळा करत चालला होता, त्यानं हात केला. मी उलट हात केला आणि म्हटलं, "ड्वाइट हात करतोय." त्यांनीही केला, साधारण त्या दिशेनं.

"अनाईला तुमच्याकडे एकटीला ठेवू शकत नाही," मी म्हणाले. मला वाटलं होतं हे वाक्य बोलायला मला तीन दिवस लागतील. त्याला काहीच वेळ लागला नाही.

"माहीत आहे. मीही ठेवली नसती." त्यांनी झग्याच्या आतून एक पाकीट काढलं, दुमडून दुमडून मऊ झालेलं, काल भिजून आज वाळलेलं. "हे वाच. जानेवारीत आलं. एल्विराला वाचायला दिलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन आली असती. शेजारणीला दिलं असतं तर सगळ्या चर्चला कळलं असतं."

मी पाकीट सावकाश उघडलं, कागद फाटू नये म्हणून. शाई पसरली होती, पण वाचता येत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडचं पत्र होतं. एका डोळ्याचं अजून काही वाचवता येईल, उशीर करू नये, सोबत गाडी चालवणारं कुणीतरी आणावं. खाली भेटीची तारीख होती.

"काय लिहिलंय?"

मी सगळं वाचून दाखवलं. तारीखही. सोळा फेब्रुवारी.

"आता काय आहे?"

"एप्रिल."

त्या पाण्याकडे तोंड करून बसून राहिल्या. तिथे त्यांना काय दिसत होतं, मला माहीत नाही. कडेकडेचं थोडं काही असेल.

"आज तिथे कुणी फोन उचलणार नाही," मी म्हटलं. "सोमवारी उचलतील."

"सोमवारी तुझं काम आहे."

"हो."

मी कागद घडी करून माझ्या खिशात ठेवला. माझ्या नव्या साहेबीणबाईंना काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागले, पहिल्याच दिवशी, पहिल्याच सकाळी. कुठलंच वाक्य बरं दिसत नव्हतं. शेवटी सगळ्यांत छोटं होतं तेच ठेवलं: घरी आजारपण आहे, मला एक आठवडा द्या. नाही दिला तर नाही.

"तुमच्या गाडीच्या किल्ल्या द्या," मी म्हणाले. "उद्या मी चालवते."

त्यांनी पर्स उघडली, आत चाचपडलं, आणि त्यांना सापडेपर्यंत मी थांबले.